एडा लव्हलेस : टिपांतून अमर झालेली गणिती

विद्यार्थी मित्रांनो, सन्माननीय पालक आणि विश्वस्त मंडळी,

थोरांची चरित्रे सांगताना आपण बहुधा राजे, संत, समाजसुधारक आणि स्वातंत्र्यसैनिक यांच्याकडे वळतो. ते योग्यच आहे. या अंकात मात्र अशा एका स्त्रीची ओळख करून द्यायची आहे, जिने राज्य केले नाही की लढाई जिंकली नाही. तिने एका लेखाचे भाषांतर केले आणि त्याला टिपा जोडल्या. ज्या यंत्रासाठी त्या लिहिल्या ते यंत्र तिच्या हयातीत बनले नाही, पुढेही पूर्ण बनले नाही. तरीही आज पावणेदोनशे वर्षांनंतर संगणकाचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला तिच्या नावापाशी थांबावे लागते. तिचे नाव एडा, लव्हलेसची काउंटेस.

जन्म आणि बालपण

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडन येथे झाला. तिचे वडील म्हणजे इंग्रजीतील सुप्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. आई अ‍ॅनाबेला ही श्रीमंत घराण्यातील, शिकलेली आणि गणिताची आवड असलेली. पती-पत्नीचे पटले नाही. एडा जेमतेम एक महिन्याची असताना आई तिला घेऊन माहेरी निघून गेली आणि काही महिन्यांतच बायरनने इंग्लंड कायमचे सोडले. १८२४ मध्ये ग्रीसमध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा एडा आठ वर्षांची होती. वडिलांचा सहवास तिला कधी लाभलाच नाही.

वडिलांचा लहरी स्वभाव मुलीत उतरू नये म्हणून आईने तिला लहानपणापासून गणित आणि शास्त्र यांच्या अभ्यासाला लावले. हेतू कोणताही असो, मुलीचा फायदाच झाला. बाराव्या वर्षी एडाने उडणारे यंत्र बनवण्याचा ध्यास घेतला. पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास केला, पंखांची मापे कशी असावीत याचा विचार केला. पुढे १८२९ मध्ये गोवर झाला आणि त्यातून पायांची शक्ती गेली. बराच काळ अंथरुणावर आणि नंतर कुबड्यांच्या आधाराने काढावा लागला. या काळातही तिचा अभ्यास चालू राहिला.

तिच्या शिक्षकांमध्ये दोन नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक मेरी सॉमरव्हिल, ज्यांनी स्वतःच्या बळावर उच्च गणित आत्मसात करून ग्रंथ लिहिले. दुसरे ऑगस्टस डी मॉर्गन. वरच्या वर्गातील मुलांना संच आणि तर्कशास्त्र यांच्या धड्यात डी मॉर्गनचे नियम भेटतात, तेच हे. त्यांचा जन्म १८०६ मध्ये आपल्या मदुराईला झाला होता. १८४० पासून त्यांनी पत्रांद्वारे एडाला कलनशास्त्र शिकवले. लग्न झालेली, तीन मुलांची आई असलेली ही विद्यार्थिनी एकेक पायरी पटल्याशिवाय पुढे जात नसे.

बॅबेज यांची भेट

१८३३ च्या जून महिन्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, एडाची ओळख चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाशी झाली. त्या काळी जहाजे चालवण्यासाठी, खगोलशास्त्रासाठी आकड्यांचे मोठमोठे तक्ते माणसे हाताने तयार करीत. त्यात चुका राहत, छपाईत आणखी भर पडे. चुकलेल्या तक्त्यावर विसंबलेले जहाज भलतीकडे जाण्याची भीती असे. बॅबेज यांनी असे तक्ते दातेरी चाकांनी आपोआप तयार करणारे यंत्र योजले होते. त्याचा एक लहान भाग त्यांच्या घरी चालू स्थितीत होता. पाहुणे त्याकडे खेळणे म्हणून बघत. एडाला ते कसे चालते हे जाणून घ्यायचे होते.

पुढच्याच वर्षापासून बॅबेज त्याहून मोठ्या यंत्राचा विचार करू लागले. त्याचे नाव अ‍ॅनालिटिकल इंजिन. त्यात दोन मुख्य भाग होते. एक कोठार, म्हणजे आकडे साठवण्याची जागा. दुसरी गिरणी, म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करण्याची जागा. कोठारात चाकांचे उभे स्तंभ, प्रत्येक स्तंभावर एक संख्या. कोणत्या स्तंभावरून आकडा उचलायचा, त्याचे काय करायचे आणि उत्तर कोणत्या स्तंभावर ठेवायचे, हे भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी ठरायचे. ही पत्त्यांची कल्पना जॅकार्डच्या मागावरून घेतलेली होती. रेशमी कापडावर नक्षी विणण्यासाठी फ्रान्समध्ये ती वापरात होती.

१८३५ मध्ये एडाचा विवाह विल्यम किंग यांच्याशी झाला. १८३८ मध्ये त्यांना लव्हलेसचे अर्ल ही पदवी मिळाली आणि एडा काउंटेस ऑफ लव्हलेस झाली.

भाषांतर आणि टिपा

१८४० मध्ये बॅबेज यांनी इटलीत तुरीन येथे आपल्या यंत्राची माहिती विद्वानांपुढे मांडली. तिथले एक तरुण अभियंता लुइजी मेनाब्रिया यांनी त्यावर फ्रेंच भाषेत एक लेख लिहिला. तो १८४२ मध्ये जिनिव्हाच्या नियतकालिकात छापून आला. हेच मेनाब्रिया पुढे इटलीचे पंतप्रधान झाले. एडाने या लेखाचे इंग्रजी भाषांतर केले. बॅबेज यांनी सुचवले की विषय इतका चांगला समजला आहे, तर स्वतःच्या टिपाही जोडाव्यात.

१८४३ च्या उन्हाळ्यात या टिपा लिहिल्या गेल्या. घरात तीन लहान मुले, थोरला अवघा सात वर्षांचा. प्रकृती नेहमीच नाजूक. बॅबेज यांच्याकडे कागद जात, दुरुस्त होऊन परत येत. बॅबेज यांनी पाठवलेल्या आकडेमोडीतली एक गंभीर चूक एडाने पकडली, हे त्यांनीच पुढे आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. टिपा एकूण सात झाल्या. मूळ लेखापेक्षा त्या दुपटीहून अधिक लांब आहेत. आपल्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. गीतेचे सातशे श्लोक आणि त्यावर ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या, ही आपलीच परंपरा आहे. टीका लिहिणारा खरोखर अधिकारी असेल तर टीका हाच स्वतंत्र ग्रंथ होतो.

हा मजकूर १८४३ मध्ये लंडनच्या एका शास्त्रीय मालिकेत छापला गेला. खाली नाव नव्हते, फक्त तीन आद्याक्षरे होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९४५ मध्ये, म्हणजे त्यानंतर शंभर वर्षांनी. आपल्याकडे पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा उघडली ती १८४८ मध्ये. त्या काळाच्या पार्श्वभूमीवर ही तीन आद्याक्षरे वाचली पाहिजेत.

कोणत्या घरात कोणता आकडा

आता या टिपांमधली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. मुलांनो, इथे जरा लक्ष देऊन वाचा, आणि हातात कागद घ्या.

समजा, तुमच्याकडे फक्त तीन चौकटी आहेत आणि एका चौकटीत एकच आकडा मावतो. पहिल्या चौकटीत ७, दुसरीत ५. आपल्याला दोन्हींची बेरीज आणि दोन्हींची वजाबाकी यांचा गुणाकार हवा आहे. बेरीज १२, वजाबाकी २, उत्तर २४. पहिली पायरी : बेरीज करून १२ हा आकडा तिसऱ्या चौकटीत लिहा. दुसरी पायरी : ७ मधून ५ वजा करा. आता ७ ची गरज संपली, म्हणून २ हा आकडा पहिल्या चौकटीत लिहिला तरी चालेल. तिसरी पायरी : १२ गुणिले २. उत्तर बरोबर येईल.

परंतु एखाद्या मुलाने घाईने पहिल्याच पायरीत १२ हा आकडा पहिल्या चौकटीत लिहिला तर? ७ पुसला गेला. दुसऱ्या पायरीत १२ वजा ५ म्हणजे ७ येतील आणि शेवटी उत्तर २४ ऐवजी ८४ येईल. प्रत्येक पायरीचे गणित बरोबर, तरी उत्तर चूक! आकडा शेवटचा वापर होण्याआधीच पुसला गेला, एवढाच दोष.

माणूस आकड्याकडे बघून थबकतो. यंत्र थबकत नाही. म्हणून एडाने एक सुंदर युक्ती मांडली. प्रत्येक स्तंभाच्या नावाला खाली त्याचा क्रमांक आणि डाव्या अंगाला वर आणखी एक छोटा अंक लावला. स्तंभ रिकामा, म्हणजे त्यावर शून्य असेल तर तो अंक शून्य. पहिला आकडा आला की १. तो आकडा बदलून दुसरा आला की २. मधेच स्तंभ पुन्हा शून्यावर गेला तर अंकही शून्य, पण नंतर नवा आकडा आला की मोजणी मागच्या अंकाच्या पुढे चालू. म्हणजे नुसते चौथा स्तंभ असे म्हणायचे नाही, तर चौथ्या स्तंभावरचा पहिला आकडा की दुसरा आकडा, हे प्रत्येक ओळीत स्पष्ट.

शेवटच्या टिपेत तिने बर्नुलीच्या संख्या काढण्याचा मोठा तक्ता दिला आहे. त्यात २५ क्रिया आहेत. प्रत्येक ओळीत क्रियेचा क्रमांक, क्रिया कोणती, कोणत्या स्तंभांवर, उत्तर कोणत्या स्तंभांवर, आणि त्यापुढे एक खास रकाना : या क्रियेमुळे कोणत्या स्तंभावरचा आकडा बदलला, कोणता तसाच राहिला आणि कोणता संपून शून्य झाला. दुसऱ्या क्रियेत चौथ्या स्तंभावरचा पहिला आकडा जातो आणि दुसरा येतो. चौथ्या क्रियेत चौथ्या आणि पाचव्या स्तंभावरचे आकडे वापरून होतात आणि दोन्ही स्तंभ रिकामे झाल्याची नोंद होते. तेराव्या क्रियेपासून तेविसाव्यापर्यंतचा गट पुन्हा पुन्हा चालवायचा, हेही तिथे दाखवले आहे.

त्याच चौथ्या क्रियेत भाज्य आणि भाजक यांची अदलाबदल झालेली आहे. ती लेखिकेच्या हातून झाली की छापखान्यात, हे आज सांगता येत नाही. पण यावरून एक धडा मिळतो. कोणता आकडा कुठे आहे याची नोंद चोख असली तरी सूत्र तपासण्याचे काम उरतेच. दोन्ही करावे लागते.

आजचा संगणक आणि तीच टीप

आपल्या शाळेत रजिस्टर म्हटले की हजेरीचे किंवा डेड स्टॉकचे रजिस्टर डोळ्यांपुढे येते. संगणकातही रजिस्टर असतात. प्रोसेसरच्या अगदी आत, एक आकडा मावेल अशा फार जलद जागांना रजिस्टर म्हणतात. त्या फार थोड्या असतात. आपल्या घरच्या बहुतेक संगणकांत सर्वसाधारण कामासाठी १६, तर आजकालच्या मोबाइल फोनमधल्या प्रोसेसरमध्ये ३१. प्रोग्राम मात्र हजारो आकडे हाताळतो.

मुले जो प्रोग्राम लिहितात तो प्रोसेसरला थेट कळत नाही. कंपायलर नावाचा प्रोग्राम त्याचे बारीक बारीक यंत्रसूचनांमध्ये भाषांतर करतो. सुरुवातीला तो रजिस्टर अमर्याद आहेत असे मानून चालतो, आणि नंतर खऱ्या मोजक्या रजिस्टरांत सर्वांची सोय लावतो. त्यासाठी त्याला कळावे लागते की कोणता आकडा कोणत्या सूचनेपर्यंत लागणार आहे. म्हणून तो सूचनांना टिपा जोडतो. जीसीसी या कंपायलरमध्ये, जो १९८७ पासून जगभर वापरला जातो, दोन टिपा अशा आहेत : या रजिस्टरमधला आकडा या सूचनेत संपला, आणि या सूचनेने रजिस्टरमध्ये लिहिलेला आकडा पुढे कुणीच वापरत नाही. एलएलव्हीएम या दुसऱ्या प्रसिद्ध कंपायलरमध्येही अशाच खुणा आहेत.

टीप चुकली तर काय होते? आकडा अजून हवा असताना संपला असे लिहिले, तर ती जागा दुसऱ्याला दिली जाते आणि आपल्या उदाहरणातल्या ८४ सारखे उत्तर येते. कुठे धोक्याची घंटा वाजत नाही. आकडा संपला असूनही तशी टीप लिहिली नाही, तर जागा विनाकारण अडून राहते आणि इतर आकड्यांना दूरच्या मेमरीत ये-जा करावी लागते, काम मंदावते. सूचनांचा क्रम बदलला तर टिपाही बदलाव्या लागतात, कारण शेवटचा वापर आता दुसऱ्याच ओळीत गेलेला असतो. म्हणून कंपायलर सूचनांची यादी शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे वाचत जातो आणि प्रत्येक आकड्याचा शेवटचा वापर शोधून काढतो. तुम्हीही वरचे उदाहरण खालून वर वाचून बघा, लगेच कळेल.

या विषयात आपल्या माणसांचेही काम आहे, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. डी. एम. ढमढेरे यांचे कंपायलरवरील संशोधन आणि पाठ्यपुस्तके अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. तिथलेच प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याच प्रकारच्या विश्लेषणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या हैदराबादेत १९६७ मध्ये ईसीआयएल स्थापन झाली आणि १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा भारतीय बनावटीचा संगणक आला, हे तर आपल्या गावाच्या इतिहासाचे पान आहे.

अखेरची वर्षे

टिपा छापून झाल्या, पण यंत्र बनले नाही. सरकारने बॅबेज यांची मदत १८४२ मध्येच थांबवली होती. सरकारवरची आपली तक्रार या लेखासोबत छापावी असा बॅबेज यांचा आग्रह होता. एडाने त्याला ठाम नकार दिला. यंत्राचे व्यवहार आपण सांभाळू असा प्रस्ताव तिने ठेवला, तो बॅबेज यांनी स्वीकारला नाही. तरी मैत्री टिकली.

पुढची वर्षे सुखाची नव्हती. आजार वाढत गेला, आणि घोड्यांच्या शर्यतीच्या नादात तिने बराच पैसा गमावला. गणिताची बुद्धी असली म्हणजे माणूस प्रत्येक मोहातून सुटतो असे नाही, हेही या चरित्रातून मुलांनी ध्यानात घ्यावे. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी कर्करोगाने तिचे निधन झाले. वय अवघे ३६ वर्षे. वडीलही ३६ व्या वर्षीच गेले होते. तिच्या इच्छेप्रमाणे, ज्यांना तिने कधी पाहिल्याचे आठवत नव्हते, त्या वडिलांशेजारी नॉटिंगहॅमशायरमधील हकनॉल येथील चर्चमध्ये तिला पुरण्यात आले.

आपल्या गावाशी जोडणारा एक धागा येथे सांगतो. एडाची मुलगी लेडी अ‍ॅन ब्लंट ही अरबी घोड्यांची जाणकार म्हणून पुढे प्रसिद्ध झाली. १८८३-८४ च्या हिवाळ्यात ती पतीसह हिंदुस्थानच्या प्रवासाला आली, तेव्हा हैदराबादलाही तिचा मुक्काम झाला. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या हाती कारभाराची पूर्ण सूत्रे आली ती १८८४ च्या फेब्रुवारीतच.

एडाच्या टिपा जवळजवळ शंभर वर्षे विस्मृतीत गेल्या. १९५० मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग यांनी यंत्र विचार करू शकेल काय, या प्रश्नावरील आपल्या लेखात तिच्या मताची दखल घेतली. यंत्र स्वतः होऊन काही निर्माण करीत नाही, आपण सांगू तेच करते, असे तिने लिहून ठेवले होते. त्याच वेळी, योग्य नियम देता आले तर असे यंत्र संगीतरचनाही करू शकेल, हेही तिने ओळखले होते. १९५३ मध्ये टिपा इंग्लंडमध्ये पुन्हा छापल्या गेल्या. १० डिसेंबर १९८० रोजी, तिच्या जन्मदिनी, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एका नव्या संगणक भाषेचे मानक मंजूर केले. भाषेचे नाव एडा आणि मानकाच्या क्रमांकात १८१५ हे तिचे जन्मवर्ष.

ती जगातील पहिली प्रोग्रामर होती काय, यावर विद्वानांत वाद आहे. बॅबेज यांनी स्वतः आधी काही छोटे प्रोग्राम लिहून ठेवले होते. पण छापून लोकांसमोर आलेला, प्रत्येक स्तंभाचा हिशेब देणारा इतका पूर्ण तक्ता तिच्या टिपांतच प्रथम दिसतो. पहिला नंबर कोणाचा यापेक्षा काम किती चोख, हे महत्त्वाचे.

मुलांनो, गणित सोडवताना पायऱ्या गाळू नका, कच्चे काम लगेच खोडू नका आणि समासात टीप लिहायला लाजू नका. त्या टिपेवरूनच चूक सापडते. पालकांना विनंती आहे की मुलीला गणित नको, असे घरात कोणी म्हणू नये. आणि विश्वस्त मंडळींनी आपल्या ग्रंथालयात गणित आणि संगणक यांची चांगली मराठी पुस्तके वाढवावीत, ही नम्र अपेक्षा.

शुभेच्छांसह,
मुख्याध्यापक